बिवा तळ्यावरचे गार हात

मी निघाले त्या दिवशी चिंचवडला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी उभी होती आणि आई ड्रायव्हरला सामान कसं लावायचं ते शिकवत होती. "मोठी बॅग आडवी. आडवी म्हणजे आडवी, तिरकी नाही." आई महापालिकेच्या शाळेत पीटीच्या बाई होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चार माणसं एकत्र दिसली की तिला त्यांची रांग लावावीशी वाटते. दादा माझा पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होता, वहिनी डोळे पुसत होती, आणि आई मात्र डिकीत डोकं घालून. मी गाडीत बसल्यावर ती खिडकीशी वाकली. "पोचलीस की कळव. आणि वेळेवर जेव." बस. टॅक्सी वळताना मी मागे पाहिलं, तर ती वॉचमनला फाटक नीट लावायला सांगत होती.

मला तेव्हा रागच आला होता. लेक एवढ्या लांब निघाली आणि हिचं लक्ष फाटकावर! दादाने पुढे कधीतरी सांगितलं, की त्यानंतर ती पार्किंगमध्ये बराच वेळ माझ्या बंद पडलेल्या स्कूटरवरची धूळ पुसत बसली होती.

जपानातली पहिली तीन वर्षं तोक्योतल्या भारतीय वस्तीत, निशी-कसाईला गेली, आणि खरं सांगायचं तर ती वर्षं परदेशात गेलीच नाहीत. स्टेशनातून बाहेर पडलं की कोथिंबीर मिळायची, पोहे मिळायचे, गणपतीत आरतीला चपला ठेवायला जागा नसायची. लिफ्टमध्ये कुणीतरी "काय, आज उशीर?" असं शुद्ध मराठीत विचारायचं. तुमच्यापैकी जे तिथे राहिलेत त्यांना हे सांगायला नको. दिवसभर तोक्योत क्लायंटसमोर माना लववायच्या आणि संध्याकाळी तोझाई लाइनने कोथरूडात परत यायचं, असंच ते होतं.

मग कंपनीने मला ओसाकाच्या प्रोजेक्टवर टाकलं. ओसाकात घर बघायच्या ऐवजी मी तासाभराच्या अंतरावर ओत्सुला बघितलं, कारण तिथे बाल्कनीतून जरा बाहेर वाकलं की बिवा तळं दिसत होतं. तळं म्हणायचं आपलं. समोरचा काठ धुक्यात दिसतसुद्धा नाही, इतकं मोठं. पहिल्या दिवशी मी त्याचा फोटो घरी पाठवला. आईचा उलटा प्रश्न आला, "शेजारी कोण आहे?"

शेजारी कुणीच नव्हतं. म्हणजे होते, भेटल्यावर हसायचेसुद्धा, कचरा चुकीच्या दिवशी ठेवला तर अदबीने चिठ्ठी लावायचे. पण कित्येक शनिवार-रविवार असे गेले, की दोन दिवसांत माझ्या तोंडून निघालेला एकुलता एक शब्द म्हणजे कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, मुलीने "पिशवी हवी का?" विचारल्यावर म्हटलेलं "दाइजोबु". ठीक आहे, नको. सोमवारी मीटिंगला तोंड उघडलं की आवाज फाटायचा.

अशाच एका रविवारी सकाळी काठाने चालताना मला पाण्यावर उभी असलेली माणसं दिसली. लांबट फळीवर सरळ उभी, हातात उंच वल्हं, आणि अगदी निवांत. त्यांतल्या एक बाई किनाऱ्याला लागल्या, फळी काखेत मारली आणि माझ्यासमोरून जाता जाता थांबल्या. "कधीच्या बघताय ना तुम्ही? बघून काय होणार?"

या निशिदा-सान. वय पासष्टीच्या पुढे, बालवाडीच्या निवृत्त बाई, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. काठावर त्यांची एक शेड आहे. त्यात पाच-सहा फळ्या, एक केरोसीनची शेगडी आणि त्यांच्यासारखेच दोन निवृत्त आजोबा असतात. या खेळाला इथे "साप्पु" म्हणतात. फोनवर आईला सांगितलं तर तिला साप ऐकू आलं आणि ती किंचाळलीच.

माझं नाव मृणाल. ते जपानी जिभेवर "मुरिनारु" होतं. निशिदा-सान पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमच्या नावात 'मुरि' आहे. मुरि म्हणजे जमणार नाही. पाण्यावर असलं नाव नको. आपण मागचं अर्धं घेऊ. नारु. म्हणजे होणे." तेव्हापासून शेडमध्ये मी नारु-सान. हे आईला कळल्यावर ती इतकी हसली की फोन वहिनीने घेतला. "अहो, नारू म्हणजे रोग असतो ना आपल्याकडे?"

त्या उन्हाळ्यात मी पडायला शिकले, मग उभं राहायला, मग वल्हवायला. पायांखालून मासे जाताना दिसायचे. पहिल्यांदा न पडता काठालगतच्या बोरूच्या बेटापर्यंत जाऊन आले तेव्हा त्या तीन म्हाताऱ्यांनी काठावरून टाळ्या वाजवल्या, आणि मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता एवढा आनंद झाला.

पानगळ सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता शेड बंद. निशिदा-सान म्हणाल्या, "आत्ता तर सुरू. हिवाळ्यात मोटारबोटी नसतात. बदकं येतात. डोंगरावर बर्फ पडतो आणि पाण्यात दिसतो. यायचं असेल तर फक्त हात सांभाळा."

मला वाटलं, त्यात काय एवढं. वहिनीने विणलेले लोकरीचे हातमोजे होतेच. ते घालून नोव्हेंबरातल्या एका सकाळी पाण्यात गेले. वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी मोज्यांत शिरलं, त्यावर वारा लागला, आणि थोड्याच वेळात माझी बोटं मेणबत्तीसारखी पांढरीफटक पडली. दुखेनात, काहीच कळेना. किनाऱ्यावर आल्यावर पायाला बांधलेला पट्टा मला सोडता येईना. घराच्या दाराशी किल्ली हातात होती आणि भोकात घालता येत नव्हती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून दिलं.

डॉक्टर म्हणाले, काही माणसांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या थंडी लागताच आक्रसून घेतात, तुमच्या तशा आहेत. घाबरायचं कारण नाही, पण ऊब ठेवा. साप्पु सोडायचं का, असं विचारलं, तर ते हसून म्हणाले, "सोडायचं की शिकायचं ते तुम्ही ठरवा." घरी कुणाला हे सांगितलं नाही. उगाच सगळे डोक्यावर बसले असते.

मग शिकले. आधी आपली हुशारी चालवली. इथे कोंबिनीत कैरो मिळतात. चहाच्या पुडीसारख्या पुड्या असतात, फोडून हलवल्या की आपोआप गरम होतात आणि दिवसभर टिकतात. मी प्रत्येक मोज्यात एकेक कोंबला. पाणी लागल्याबरोबर ते विझले आणि मी दोन गार दगड घेऊन वल्हवत राहिले. मग महागडे रबरी मोजे मागवले, ते इतके घट्ट होते की बोटांतलं उरलंसुरलं रक्तही थांबलं. निशिदा-सान हे सगळं बघत होत्या. जपानी माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही. शेवटी मी विचारलं.

"तुम्ही हातापासून सुरुवात करता," त्या म्हणाल्या. "हात सगळ्यात शेवटी. आधी डोकं, मग मान, मग पोट. पोट गरम असेल तर ते हाताला देतं. पोट गार असेल तर हाताचंही ओढून घेतं."

त्यांनी मला होम सेंटरमध्ये, म्हणजे हत्यारं-अवजारांच्या मोठ्या दुकानात नेलं आणि मासळीबाजारातली माणसं घालतात ते निळे, आतून मऊ अस्तराचे रबरी मोजे घ्यायला लावले, एक नंबर मोठे, म्हणजे आत लोकरीचा पातळ मोजा घालून बोटं हलती राहतील. मोजे घरातून निघतानाच घालायचे, हात ऊबदार असताना. गार मोज्यात गार हात घातला की दोघंही गारच राहतात. कैरो मनगटाच्या आतल्या बाजूला, बाहीच्या आत, पाणी पोचणार नाही असा. अल्युमिनियमच्या वल्ह्याला त्यांनी जुन्या टेनिस रॅकेटसारखी जाड पट्टी गुंडाळून दिली. सोबत कोरड्या मोज्यांची जादा जोडी आणि थर्मासमध्ये कोमट पाणी. कोमट, गरम नाही. बधिर हाताला चटका बसलेला कळत नाही. आणि वल्हं इतकं आवळून धरायचं नाही. "नारु-सान, ते पळून नाही जाणार," असं त्या हिवाळाभर म्हणत होत्या.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी पहिल्यांदा काठामागच्या हिरा नावाच्या डोंगरांवरचा बर्फ पाण्यात बघितला. वारा नव्हता. माझ्या फळीखाली पांढरे डोंगर उलटे पसरलेले, बदकांची रांग त्यांच्यावरून चाललेली, आणि माझी दहाही बोटं मला जाणवत होती. मी मोठ्याने गायला लागले. काय गायले ते विचारू नका, सूर नव्हताच. पण पलीकडच्या फळीवरून निशिदा-साननी टाळीचा ताल धरला.

दोन हिवाळे असे गेले. मग कंपनीचं काँट्रॅक्ट संपत आलं. पुण्याच्या ऑफिसने सांगितलं, मार्चअखेर परत या, इथे टीम सांभाळा. ओसाकाची कंपनी म्हणाली, आमच्याकडे कायम या. उत्तर जानेवारीअखेर हवं होतं. दादाने चिंचवडला आमच्याच सोसायटीत माझ्यासाठी फ्लॅट बघून ठेवला होता. लग्नाचा विषय आमच्याकडे केव्हाच मिटला होता, पण त्यामुळेच "एकटी तिकडे किती दिवस?" हा प्रश्न जास्त टोकदार झाला होता. मला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. रात्री ठरवलेलं सकाळी बदलायचं.

अशात आईचा फोन आला, "मला बर्फ बघायचाय. जानेवारीत येते." आयुष्यात महाबळेश्वरलासुद्धा स्वेटर घालून फिरणारी बाई! ती कशाला येतेय ते मला समजलं होतं, आणि मला समजलंय हे तिलाही.

आई आली. विमानतळावर सगळे प्रवासी विस्कटलेले आणि ती एकटी ताठ. पहिल्या आठवड्यात तिने माझं कपाट लावलं, खालच्या आजींशी एकही भाषा सामाईक नसताना लोणच्याची देवाणघेवाण सुरू केली, आणि कैरोच्या प्रेमात पडली. कपड्यांना चिकटवायचे कैरो मिळतात हे कळल्यावर तर विचारू नका. पाठीला एक, पोटाला दोन, गुडघ्यांना एकेक. "चालतीबोलती शेगडी झालेय मी," म्हणायची. परत यायचा विषय मात्र तिने काढला नाही. मीही काढला नाही. जेवताना दोघी टीव्हीवरचं हवामान बघायचो.

रविवारी तिला शेडवर नेलं. वारा नव्हता, ऊन होतं. निशिदा-सान आणि ते दोघं आजोबा काठावर व्यायाम करत होते. इथे रेडिओवरच्या संगीतावर पीटी करायची जुनी पद्धत आहे. आई दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिच्याने राहवेना.

"यांचे हात नीट फिरत नाहीयेत. सांग त्यांना, खांद्यापासून. मोठा गोल."

मी सांगायच्या आधीच ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. "एक, दोन, तीन, चार!" पवनचक्कीसारखे हात फिरवत. तिघं जपानी म्हातारे तिच्याबरोबर हात फिरवायला लागले. थांबल्यावर निशिदा-साननी आपली बोटं बघितली. "नारु-सान, गंमत बघा. रक्त थेट टोकापर्यंत आलं. इतकी वर्षं हे सुचलं नाही." आणि आईला वाकून, "ओकासान, आरिगातो." आई, धन्यवाद.

आईने वाकून उत्तर दिलं. "निशिदाबाईंना सांग, रोज शंभर करायचे."

आईला पाण्यात न्यायचं माझ्या मनातही नव्हतं. ते निशिदा-सानच्या मनात आलं. कुटुंबांसाठीची रुंद फळी होती, लहान मुलांनी हलवली तरी उलटत नाही अशी. आईला त्यांनी छातीपर्यंतचा जाड रबरी सूट घातला, त्यावर तिचा स्वेटर, त्यावर विंडचीटर, त्यावर लाइफजॅकेट, डोक्याला कानटोपी. अट एकच, बोरूच्या कडेने, कमरेएवढ्या पाण्यातच फिरायचं. आई पुढे पाठमोरी, मांडी घालून बसली. मी तिच्यामागे गुडघ्यांवर, हातात वल्हं. बाजूला निशिदा-सान त्यांच्या फळीवर.

आईने आधी फळीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग हळूच म्हणाली, "अगं, आवाजच नाही." बर्फाचा डोंगर समोर पाण्यात पडला होता. एक बगळा अगदी जवळून उडाला. आईने दोन्ही हात जोडले, मग उजवा मोजा काढला, पसाभर पाणी घेऊन डोळ्यांना आणि डोक्याला लावलं. "एवढं मोठं पाणी. नमस्कार नको करायला?"

काढलेला मोजा तिच्या मांडीवरून घसरून पाण्यात पडला. मी वाकून काढला, तर आत पाणी गच्च भरलेलं. तिचा हात ओला, उघडा. मी माझा उजवा मोजा काढून तिला दिला. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. जादा जोडीची आठवण झाली तेव्हा लक्षात आलं, आईचे कपडे आवरण्याच्या गडबडीत ती पिशवी शेडमध्येच राहिली होती.

नेमका तेव्हाच वारा सुटला. तिथला वारा डोंगरावरून उतरतो आणि माणसाला काठापासून दूर ढकलतो. बोरू एका बाजूला झुकले, पाण्यावर सुरकुत्या आल्या, आणि आमची रुंद फळी आपसूक तळ्याच्या मध्याकडे सरकू लागली. मी वळवली, जोर लावला. उघड्या हाताला ओलं वल्हं आणि वारा. बोटं पांढरी पडताना मी बघत होते. मग पकड गेली. वल्हं हातात होतं, पण ते माझ्या हातात आहे हे मला डोळ्यांनी बघून कळत होतं. खाली तळ दिसायचा बंद झाला होता.

निशिदा-सान मागे राहिल्या होत्या, त्या आमच्या दिशेने वळल्या, पण वाऱ्यामुळे त्यांनाही वेळ लागणार होता.

"आई," मी म्हटलं, "माझा हात चालत नाहीये."

"म्हणजे?"

"बधिर झालाय. असं होतं मला थंडीत. वल्हं धरता येत नाही."

आईने मागे वळून बघितलंही नाही. वळली असती तर फळी हलली असती, हे तिला आपोआप कळलं होतं. ती मान ताठ ठेवून म्हणाली, "खो दे मला."

आई जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळलेली आहे. मी लहान असताना अंगणातही आम्ही असंच खेळायचो. मी माझ्या त्या मेलेल्या हाताने तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "खो!" तिने खांद्यावरून हात मागे केला आणि वल्हं घेतलं.

"सांग कसं मारायचं."

"दोनदा डावीकडे, मग दोनदा उजवीकडे. लांब नको, पायाच्या जवळ."

"आणि तुझे हात माझ्या कपड्यांत घाल. पोटाला दोन कैरो आहेत."

मी दुसराही मोजा काढून फेकला आणि मागून तिला मिठी मारली. विंडचीटरखालून दोन्ही हात आत, स्वेटरवर, तिच्या पोटाशी. तिथे खरंच दोन चौकोनी निखारे होते. गाल तिच्या लाइफजॅकेटला टेकलेला. आई वल्हवत होती आणि प्रत्येक फटक्याबरोबर तिचं पोट माझ्या हातांखाली आवळत होतं, सैल होत होतं. "एक, दोन! एक, दोन!" पहिल्यांदा आम्ही जरा गोल फिरलो. मग फळीने तोंड काठाकडे केलं. तोवर निशिदा-सान बाजूला येऊन पोचल्या होत्या. त्यांनी ओढून न्यायची दोरी हातात घेतली होती. आईचे हात बघितले आणि दोरी परत ठेवून दिली. त्याऐवजी बाजूने वल्हवत त्यांनी ताल धरला, "इचि, नी!"

"काय म्हणतायत त्या?"

"एक, दोन."

"मग बरोबर आहे!" आई ओरडली, आणि मला हसू फुटलं. आधी मला, मग आईला. तिचं पोट हसण्याने इतकं हलायला लागलं की दोन फटके वाया गेले. वारा समोरून, थेंब तोंडावर, मी छत्तिशीची बाई आईच्या पोटाला चिकटलेली, आणि आम्ही दोघी खदखदून हसत त्या बोरूकडे येत होतो.

काठाला लागलो. मी उतरले, आणि कुणी काही न बोलता सगळं घडलं. एका आजोबांनी माझा डावा हात आपल्या दोन्ही तळहातांत घेतला, दुसऱ्यांनी आपली कानटोपी काढून माझ्या टोपीवर आणखी चढवली. निशिदा-साननी थर्मास उघडून आधी आपल्या मनगटावर पाणी बघितलं, मग माझ्या उजव्या हातावर धार धरली. बोटं पांढऱ्याची निळी झाली, निळ्याची लाल. मुंग्या आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. हे दुखणं चांगलं असतं, हात परत आल्याचं ते लक्षण. आई शेजारी उभी राहून बघत होती. तिने एकदाही मध्ये हात घातला नाही, आणि हे तिच्या स्वभावात बसत नाही.

शेडमध्ये शेगडीवर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सार उकळत होतं. आईने वाटी हातात घेतली, घोट घेतला आणि म्हणाली, "उसळीत साखर घालतात होय? बरी लागते." मग तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"पाणी कोमटच हवं, हे निशिदाबाईंना कसं माहीत?"

"दोन हिवाळे बघतायत त्या माझे हात."

"मला नव्हतं माहीत."

"तुला उगाच काळजी..."

"काळजीचं नाही म्हणत मी." तिने वाटी खाली ठेवली. "मी तिकडे बसून सगळ्यांना सांगत असते, पोरगी परक्या मुलखात एकटी आहे, तिला आणायलाच हवं. म्हणून तर आले. बर्फाचं काय, तो टीव्हीवरही दिसतो."

"माहितीय."

"माहितीय तुला. पण एकटी कुठे आहेस तू? तू उतरलीस आणि तिघं तुझ्या हातांसाठी धावले. कुणाला सांगावं लागलं नाही." मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "तुला इथे राहायचंय का? खरं सांग. माझ्यासाठी उत्तर बदलू नकोस."

इतके दिवस जे रोज रात्री एक आणि सकाळी दुसरं असायचं, ते त्या क्षणी एकच होतं. "हो," मी म्हटलं. "राहायचंय."

"मग दादाला मी सांगते. तू सांगितलंस तर तो वाद घालेल. मी सांगितलं तर नाही घालणार." आणि लगेच, "पण दर वर्षी आंब्याला यायचं. कामाचं कारण चालणार नाही."

निशिदा-साननी मला विचारलं, ओकासान काय म्हणाल्या? मी सांगितलं. त्यांनी उठून आईची वाटी पुन्हा भरली, काठोकाठ.

आईने परतीच्या बॅगेत काय नेलं असेल? कैरो. सगळ्या सोसायटीसाठी. चिंचवडला ते कुणाला लागणार, असं विचारलं, तर म्हणाली, "डिसेंबरात सकाळी फिरायला जातो तेव्हा लागतात." मी ओसाकाच्या कंपनीत कायम झाले. दादा वाद घालायला लागला होता म्हणे, दोन वाक्यांत गप्प झाला. आता फोनवर आईचा पहिला प्रश्न शेजारी कोण आहे हा नसतो. ती विचारते, "आज वारा कुठून आहे?" आणि शेडवरचे तिघं रोज हात गोल फिरवतात, मराठीत मोजत. निशिदा-सानचं "तीन" अजून "तिन्" असंच येतं.

ठरल्याप्रमाणे गेल्या मे महिन्यात आंब्याला गेले. आईने मला घरी टेकूही दिलं नाही. दुसऱ्याच सकाळी पवना धरणावर. तिथे भाड्याने फळ्या आणि छोट्या होड्या मिळतात, हे तिने शोधून काढलं होतं, आणि तिच्या फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींना कामाला लावलं होतं. पंजाबी ड्रेसवर लाइफजॅकेट घातलेल्या पाच आज्या पाण्यावर. ऊन रणरणत होतं. माझ्या हातांना इतका घाम, की वल्हं निसटत होतं. त्यांतल्या एकींनी माझ्याकडे बघून आईला विचारलं, "ही कोण हो?"

तुम्ही जे तिकडे मागे राहिलात, तुम्ही आमच्याबद्दल कुणाला सांगताना काय म्हणता ते आम्हाला पाठ असतं. माझ्या आईचं वाक्य कायम "मुलगी जपानला गेलीय" असं असायचं. वर्षानुवर्षं मी नुसती गेलेलीच होते. गेलेल्या माणसाने परत यायचं असतं, म्हणून मीही ओत्सुच्या घरात कधी भिंतीला खिळा ठोकला नव्हता, आणि पुण्यात आले की पाहुण्यासारखी बॅग अर्धीच उघडायचे.

त्या सकाळी आई पाण्यावरून ओरडून म्हणाली, "ही माझी मृणाल. जपानला असते. मोठ्या तळ्याच्या काठाला घर आहे तिचं."

असते. गेलीय नव्हे. मी वल्हवायची थांबले. जिथे आपण नुसते गेलेले नसतो, जिथे आपण असतो, त्या जागेला घर म्हणत असतील, तर माझी आता दोन आहेत, आणि दुसऱ्याचा पत्ता आईनेच जाहीर केला होता. ज्या तुम्ही माझ्यासारख्या बाहेर पडलात, त्या तुम्हाला हे वाक्य कधीतरी तुमच्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळो. फार बरं वाटतं. तोवर माझी फळी पाच आज्यांच्या वाटेत आडवी झाली होती.

"मृणाल," आई ओरडली, "रांगेत ये!"